धुऱ्यावरची बाटली

मोटारसायकलवर मागे बसलेलं माणूस सहा किलोमीटर एक अक्षर बोललं नाही, की ते पाठीला कळतं. पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. पाणंदीत चिखल, म्हणून कृषी खात्यात माझ्या हाताखाली नव्यानं रुजू झालेल्या मुलीची स्कुटी ग्रामपंचायतीसमोर लावून आम्ही माझ्या गाडीवर वावरात गेलो होतो आणि आता परत येत होतो. जाताना ती सारखी बोलत होती. याला तुमच्याकडे काय म्हणतात, आमच्याकडे असं म्हणतात, तुमचा धुरा तो आमचा बांध. येताना नुसतं इंजिन. फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा तिनं पाठीवरची सॅक पुढे घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि ग्लासांपासून लांब, बाकाच्या पायाशी ठेवली. "सर, ही त्यांच्या धुऱ्यावर होती." अर्ध्या लिटरची पांढरी प्लास्टिकची बाटली. पावसानं लेबल निम्मं गेलेलं, पण उरलेल्या निम्म्यावर टू-फोर-डी, तणनाशकाचं नाव, एवढं वाचता येत होतं.

मी चहा प्यायलो. दुसरं काय करणार?

झालं होतं ते असं. कपाशी साठेक दिवसांची, पात्या लागलेल्या. शेतकरी चाळिशीतला, हुशार, आमच्या शेतीशाळेत दरवर्षी पुढे बसणारा. फोन त्याचाच आला होता. "साहेब, पऱ्हाटीवर व्हायरस आला म्हन्तेत, येऊन पाहून जा नं." गेलो. शेंड्याकडची पानं वाकडी, चिमटल्यासारखी. मी एक पान तोडून उलटं केलं. मागे तीन-चार तुडतुडे तिरके पळाले, शिरेच्या कडेनं थोडा मावा. ऑगस्टात कपाशीचं कुठलंही पान उलटा, एवढं सापडतंच. मला तीन वाजता व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, होती. ती तोवर खाली बसली होती, एकाच झाडाचं खालचं पान आणि वरचं पान शेजारी शेजारी धरून बघत होती. तिनं विचारायला सुरुवात केली, "दादा, या पंपानं याआधी..." आणि मी बोललो. व्हायरस-बियरस काही नाही, रसशोषक किडी आहेत, अमुक औषध, दहा लिटरला इतकं, उद्या सकाळीच मारून घ्या. एका दमात. शेतकरी म्हणाला, "हो साहेब." तिनं डायरी मिटली.

त्या डायरीचा आवाज झाला नव्हता, पण मला तो ऐकू आल्यासारखं अजून वाटतं.

तुडतुड्यांनी पान बिघडतं ते कडेकडून. कडा खाली वळतात, पिवळ्या पडतात, मग तांबूस. टू-फोर-डीचं पान निराळंच. ते अरुंद होतं, बोटं फुटल्यासारखं चिरत जातं, शिरा जवळजवळ येऊन फिकट दिसतात, कपाशीला भेंडीचं पान आल्यासारखं. आणि बिघडतात ती फवारणीनंतर आलेली कोवळी पानं. खालची जुनी पानं ठणठणीत असतात. शेतकऱ्यानं धुऱ्यावरचं गाजरगवत जाळायला तणनाशक मारलं होतं आणि त्याच पंपानं, नुसता पाण्यानं खंगाळून, कपाशीवर फवारा घेतला होता. कपाशी या औषधाला इतकी हळवी, की पंपाच्या नळीत राहिलेलं थोडकंही तिला पुरतं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दर जूनमध्ये गावोगावच्या सभांत मीच सांगतो, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा म्हणून. चहाच्या टपरीवर ती सांगत होती आणि मी ऐकत होतो, "सर, धुऱ्याकडून पहिल्या आठ तासांत म्हणजे ओळींत जास्त आहे, पुढं कमी कमी होत गेलंय. पहिली टाकी तिथं संपली असणार." मी वावरात उभा होतो, तास मोजले नव्हते. ती खाली बसली होती, तिनं मोजले होते.

"तुला हे कुठं शिकवलं?" मी विचारलं. मला वाटलं कॉलेजचं नाव सांगेल. ती तासगावकडची. म्हणाली, "घरी. शेजारच्यानं उसात टू-फोर-डी मारलं की वाऱ्यानं आमच्या द्राक्षाच्या पानाचं असंच व्हायचं. बाबा बांधावर उभं राहून भांडायचे." म्हणजे दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या या मुलीला आम्ही जे शिकवलं त्यातलं काही तिच्या कामी आलं नव्हतं. बापाचं भांडण कामी आलं होतं. आम्ही तिला शिकवलं होतं ते फोटो कसा काढायचा ते: शेतकरी डावीकडे, फलक उजवीकडे, मागे पीक, अक्षांश-रेखांश फोटोवर उमटले पाहिजेत.

मी १९९१ ला लागलो तेव्हा प्रशिक्षण व भेट योजनेचा शेवटचा बहर होता. इस्रायलच्या डॅनियल बेनॉर यांनी आखलेली, जागतिक बँकेच्या पैशावर चाललेली ती पद्धत आता कुणाला आठवत नाही, आठवली तर हसण्यावारी नेतात. कोणत्या वारी कोणत्या गावी जायचं हे ठरलेलं. दर पंधरवड्याला एक दिवस प्रशिक्षण, त्यात पुढच्या पंधरवड्यात सांगायच्या चार गोष्टी, आणि त्या गोष्टी घेऊन सायकलवर गावोगावच्या संपर्क शेतकऱ्यांकडे. आम्ही म्हणजे पोस्टमनच होतो, पत्रं दुसऱ्यानं लिहिलेली. संपर्क शेतकरी बहुधा गावातला पाटील-देशमुख, ज्याच्या ओट्यावर बसायला खाट असे. ज्यांना सल्ला लागायचा ती माणसं त्याच्या वावरात निंदणाला असायची. दोष होतेच. पण पंधरा दिवसांनी त्याच वारी पुन्हा तिथंच जायचं असल्यामुळं, आपण मागच्या खेपेला काय सांगून गेलो ते समोर उभं असायचं. पिवळं किंवा हिरवं. १ जुलै १९९८ ला खात्याची फेररचना झाली, विस्तार, मृदसंधारण, फलोत्पादन सगळं एका खिडकीत आलं, आणि मग ते ठरलेले वार हळूहळू पुसले गेले. आता मी गावात जातो ते काहीतरी आलंय म्हणून. अतिवृष्टी आली, योजना आली, कोणीतरी मोठा माणूस आला.

पण मी सांगणार होतो काकाजींबद्दल. ते आमचे पर्यवेक्षक. सगळा तालुका त्यांना काकाजी म्हणायचा, शिपायापासून तहसीलदारापर्यंत. धोतर नव्हे, पण धोतरासारखीच ढगळ पँट, डोक्याला रुमाल, आणि गालात सुपारी. खिशात पितळी अडकित्ता. वावराच्या तोंडाशी आले की सायकल लावायची, अडकित्ता काढायचा, एक अख्खं खांड तोंडात टाकायचं आणि मगच आत शिरायचं. मला ती सवय गलिच्छ वाटायची. माणूस आपल्याशी बोलतोय आणि हे नुसते गाल फुगवून हूं हूं करतात. मी बीएस्सीत पहिला वर्ग मिळवून आलेलो. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "डवऱ्याच्या बैलाले मुसकं काहून बांधतेत, मालूम हाय?" पीक खाऊ नये म्हणून, मी म्हणालो. "मंग या खरिपात तुलेई मुसकं. विचारायचं, सांगायचं नाई."

मी काही त्यांचं ऐकलं नाही. तिसऱ्याच आठवड्यात एकाच्या तुरीची झाडं उभ्या उभ्या वाळत होती आणि काकाजी मागे धुऱ्यावर होते. मी सांगून मोकळा झालो, पाण्याचा ताण पडलाय, ओलीत करा. काकाजी आले, त्यांनी ऐकलं, गाल फुगवून मान हलवली. मला वाटलं बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला एकट्याला त्याच वावरात नेलं. एक वाळलेलं झाड उपटलं, चाकूनं खोड मुळापासून वर उभं चिरलं आणि माझ्या हातात दिलं. पांढऱ्या लाकडात मधोमध काळपट तपकिरी रेघ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. मर रोग. बुरशी मुळातून शिरून पाण्याची वाट बंद करते. वरून कितीही पाणी द्या, झाड तहानेनंच मरतं. ते दोन फाके मी कितीतरी वेळ हातात धरून होतो. दव इतकं होतं की पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. काकाजी काहीच बोलले नाहीत. मी म्हणालो, त्यांना जाऊन सांगा ना तुम्ही. तेव्हा मात्र त्यांनी सुपारी थुंकली. "म्या काहून? तू सांगितलं होतं नं?" मग मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो आणि काल चुकलो म्हणून सांगितलं. त्याच्या बायकोनं मला गरम कढी दिली, पितळेच्या वाटीत. त्यानंतर तो माणूस दहा वर्षं फक्त मलाच विचारायचा.

काकाजींनी शिकवलेलं दुसरं काम धुऱ्याचं. वावरात थेट शिरायचं नाही. आधी धुऱ्यानं एक पूर्ण चक्कर. तिथं काय पडलंय ते पाहायचं: कुठली रिकामी पाकिटं, कुठली बाटली, खताच्या पोत्यावरचे आकडे, विहिरीच्या थारोळ्याशी पंप धुतल्याचा पांढरा डाग, कोणत्या बाजूचं गवत हिरवं आणि कोणत्या बाजूचं करपलेलं. "मानूस विसरते," ते म्हणायचे, "धुरा विसरत नाई." शेतकऱ्याला मागच्या फवारणीचं नाव विचारलं तर तो "ते लाल झाकनाचं" म्हणेल, बाटली धुऱ्यावर असते. पुढं किती नवीन पोरांना मी ही गोष्ट सांगितली असेल. प्रशिक्षणात सांगितली, टाळ्याही पडल्या. त्या दिवशी मात्र मी गाडी लावली आणि सरळ तासात घुसलो. धुऱ्याची चक्कर तिनं मारली होती, कुणी न सांगता, कारण तिच्या बापाचं सगळं भांडण बांधावरच व्हायचं.

शेतीशाळेचा एक जुना नियम आहे. या शाळा सुरू झाल्या १९८९ मध्ये इंडोनेशियात, भातावर. तिथं तपकिरी तुडतुड्यांवर औषध मारमारून त्यांना खाणारे कोळी-भुंगेरे मेले आणि तुडतुडे मात्र वाढले, तेव्हा शेतकऱ्यानं स्वतः पाहून ठरवावं म्हणून ही पद्धत निघाली. नियम असा, की शेतकऱ्यानं किडा पुढे धरून "हे काय?" विचारलं तर नाव सांगायचं नाही. उलट विचारायचं: कुठं सापडला? काय करत होता? अजून किती होते? मग सगळ्यांनी मिळून कागदावर झाड काढायचं, एका बाजूला मित्रकिडी, दुसऱ्या बाजूला शत्रुकिडी. मी स्वतः हे प्रशिक्षण घेतलंय, दिलंय. कागदावरची ती चित्रं, त्यात डोळ्यांना चष्मा लावलेला ढालकिडा काढणारी एक आजी, सगळं मला प्रिय आहे. पण शेतीशाळा बुधवारी असते. इतर दिवशी आम्ही साहेब असतो, आणि साहेबाला नाव माहीत असावं लागतं. "बघून सांगतो" म्हणणारा साहेब गावात चालत नाही, अशी आमची समजूत. गावाची तशी समजूत आहे की नाही, हे आम्ही कधी विचारलेलं नाही.

त्यात २०१७ चं वर्ष मध्ये आहे. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, काहींची नजर काही दिवस गेली. मी तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात होतो. त्या वर्षी कपाशी अशी माजली होती की उभा माणूस आत दिसायचा नाही, डोक्यावरून हालणारा पंपाचा फवारा तेवढा दिसायचा. फवारणारा बहुतेक मजूर, दिवसाला पंधरा-वीस पंप मारणारा, अंगात बनियन. दोन-तीन औषधं एकत्र मिसळून मारायची पद्धत पडलेली. नंतर आम्हाला मास्क, हातमोजे, गॉगलचे संच वाटायला मिळाले, आणि बाटलीवरच्या त्या चौकोनातल्या रंगांचे वर्ग सुरू झाले: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ते वर्ग आवश्यकच होते. पण मला त्या हंगामात वेगळीच गोष्ट झाली. मी औषधाचं नाव तोंडातून काढायला घाबरू लागलो. सांगितलं आणि काही झालं तर? मग ती भीती जायला लागली तशी तिच्या जागी घाई आली. पटकन सांगायचं, प्रमाण सांगायचं, निघायचं. भीतीचंच दुसरं रूप असेल ते. मला नीट सांगता येत नाही.

२०२५ मध्ये आमच्या पदांची नावं बदलली. कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला, आणि मी पर्यवेक्षकाचा उप कृषी अधिकारी. मागणी जुनी होती, मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गावात अजून सगळे जुन्याच नावानं ओळखतात. नावाबरोबर काम मात्र कुणी कमी केलं नाही. या मुलीकडे पाच गावं. शेतकरी ओळख क्रमांक, महाडीबीटीवरचे अनुदानाचे अर्ज, पीक कापणी प्रयोग, आणि पाऊस जास्त झाला की तलाठी-ग्रामसेवकाबरोबर पंचनामे. मदत मिळण्यासाठी तेहतीस टक्क्यांवर नुकसान आहे की नाही, हे धुऱ्यावर उभं राहून ठरवायचं आणि ज्याचं तिशीत बसलं त्याच्या घरासमोरून रोज जायचं. तिला मागे उभं राहून शिकवायला, चुकू द्यायला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा न्यायला वेळ कुठून आणू, असं मी त्या टपरीवर स्वतःला म्हणालो. लगेच आठवलं, काकाजींकडे तालुक्यातली किती गावं होती ते. आणि त्यांच्याकडे सायकल होती.

टपरीवरूनच शेतकऱ्याला फोन लावला. म्हटलं, औषध मारू नका. "आनलं नं साहेब आताच. आठशे चाळीसचं. लिहून ठेवा म्हटलं दुकानदाराले." कृषी केंद्रवाल्याला दोष देता येत नव्हता. एरवी गावातला खरा सल्लागार तोच, पण त्यानं या वेळी "साहेबांनी सांगितलं" म्हटल्यावर मुकाट काढून दिलं होतं. तो मागे डेसीचा, म्हणजे बी-खत-औषध विक्रेत्यांसाठीचा, एक वर्षाचा अभ्यासक्रम करत होता, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी वर्ग आणि मधूनमधून शेतभेटी, तेव्हा त्यातला एक तास मीच घेतला होता. विषय होता: विकण्याआधी काय विचारावं.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा त्या वावरात गेलो. तिला मी काही सांगितलं नव्हतं, फक्त चल म्हटलं. शेतकरी डवरणी करत होता, बैलांच्या तोंडाला नायलॉनच्या जाळीची मुसकी. त्यानं तास पुरा केला, बैल थांबवले. मी म्हणालो, भाऊ, परवा मी चुकलो, हे पंपातल्या तणनाशकाचं आहे, तुडतुड्यांचं नाही. बिघडलेले शेंडे खुडून घ्या, वावरात ओल राहू द्या, नवीन पान चांगलं येईल, थोडा उशीर होईल. तो ऐकत होता. मग बैलाच्या पाठीवरचा चिखल बोटानं खरवडत म्हणाला, "मलेई वाटलंच होतं साहेब, पंप तोच होता म्हणून. सांगनारच होतो. तुमी घाईत होते." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

औषधाची बाटली बंद आहे, वापरता येईल का, असं तो विचारत होता, आणि विचारताना तिच्याकडे बघत होता.

परत निघालो तर शेजारच्या वावरातून हाक आली. म्हातारा माणूस, लांबूनच हातवारे, सोयाबीनला काहीतरी झालंय. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गाडीला टेकलो आणि म्हणालो, तू हो पुढे. ती गेली. तासात शिरली नाही, धुऱ्यानं निघाली. उलटी निघाली, मी असतो तर विहिरीकडून सुरू केलं असतं, वाऱ्याची बाजू ती आहे. म्हातारा तिच्या मागे मागे चालत काहीतरी सांगत होता, ती मध्येच खाली बसायची, दिसेनाशी व्हायची, मग ओढणीचा पिवळा रंग सोयाबीनच्या वर यायचा. एकदा दोघंही बसले ते बराच वेळ उठले नाहीत. सोयाबीनची पानं वरून पाहिली तरी मला इथून कळत होतं की चक्रीभुंगा आहे. देठावर दोन गोल खाचा, वरचा भाग सुकलेला. हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलंही.

डिकीत सकाळी घेतलेली सुपारीची पुडी होती. मी एक खांड काढून तोंडात टाकलं. सवय नाही, दाताला कडक लागलं.